मदत हवी आहे: रजोनिवृत्तीच्या त्रासासाठी हार्मोनचा पॅच, तो बदलायच्या आदल्या रात्री पुन्हा घाम, डोस वाढवावा का?

वय ५२, पाळी थांबून १४ महिने, गर्भाशय शाबूत. १० आठवड्यांपासून एस्ट्राडायॉलचा (एस्ट्रोजेन हार्मोनचा) ५० मायक्रोग्रॅमचा, त्वचेवर चिकटवायचा पॅच (आठवड्यातून दोनदा बदलायचा) आणि झोपताना मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉन (गर्भाशयाचं अस्तर जपणारं हार्मोन) १०० मिलिग्रॅम रोज. गरम वाफा बऱ्याच कमी झाल्या, पण पॅच बदलायच्या आदल्या रात्री घाम येतो, झोप मोडते. अधूनमधून थोडं स्पॉटिंगही (रक्ताचे डाग) आहे.

पॅच कंबरेखाली, कोरड्या त्वचेवर, दर वेळी जागा बदलून लावला जातो. तेल-क्रीम नाही, तरी कडा सुटतात. म्हणजे डोस अपुरा आहे की औषध त्वचेत नीट शिरतच नाही? हे आधी कळायला हवं, नाहीतर उगाच ७५ मायक्रोग्रॅमच्या पॅचवर जाणं होईल. एस्ट्रोजेन वाढवलं तर गर्भाशयाच्या अस्तराच्या संरक्षणासाठी प्रोजेस्टेरॉनही वाढवावं लागतं का?

एफएसएच (रक्तातलं एक हार्मोन) तपासायचं नाही, हे माहीत आहे. त्यावरून डोस ठरत नाही. स्पॉटिंग पहिल्या ३ ते ६ महिन्यांत चालतं, पुढे टिकलं किंवा वाढलं तर सोनोग्राफी, हेही ठाऊक आहे.

पॅचवरून एस्ट्रोजेनच्या जेलवर (पंपाने मोजून त्वचेवर लावायचं) गेल्यावर असा चढउतार कुणाचा थांबला का? किती पंप, किती आठवड्यांत फरक? डॉक्टरांची भेट पुढच्या आठवड्यात आहे, नेमके प्रश्न घेऊन जायचंय.