नॉर्वेजियन जोडशब्द: आधी आघात शिकवावा की शब्द?

कानसेन: नॉर्वेजियन शिकणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात जोडशब्दांचा आघात, म्हणजे उच्चारताना जोर कुठे द्यायचा ते, शिकवावा, असं माझं ठाम मत. मुख्य जोर पहिल्या घटकावर, दुसऱ्यावर दुय्यम. मराठीत जोराने अर्थ फिरत नाही, त्यामुळे आपला कान याबाबत कोराच. 'लामेलोर' म्हणजे कोकराची मांडी, जोर 'ला'वर. तेच तोडून, दोन्हीकडे सारखा जोर देत 'लामे लोर' म्हणालात तर लुळ्या मांड्या! 'रॉयकफ्रित' म्हणजे धूरमुक्त, 'रॉयक फ्रित' म्हणजे खुशाल ओढा. पाट्यांवर अशी तोडातोड खुद्द नॉर्वेजियनही करतात, पण बोलताना चुकत नाहीत.

रोखठोक: अहो, खाटीक काय लुळ्या मांड्या देणार आहे? संदर्भ नावाची चीज असते की नाही? आणि तुमचा नियम नकाशा उघडला की कोलमडतो. क्रिस्तियानसान्द शहराचा जोर 'सान्द'वर, क्रिस्तियानसुन्द शहराचा 'सुन्द'वर, ऑस्लोतल्या होल्मेनकोलेनचा 'कोलेन'वर. त्यात काही बोलींत परक्या शब्दांचाही जोर ओढून सुरुवातीला आणतात. कुठवर नियम सांगणार? शब्द शिका, जोर त्यासोबतच येतो.

कानसेन: गावांची नावं कशाला मध्ये आणता? 1641 मध्ये चौथ्या क्रिस्तियान राजाने शहर वसवलं, ते 'क्रिस्तियानचं सान्द', म्हणजे वाळू. मुळात दोन शब्दच ते. आणि शेवटी जोर आहे हे बरंच, एक शहर दक्षिणेला, दुसरं वायव्येला, फरक काय तो शेवटच्या घटकात. रोजच्या बोलण्यातले हजारो जोडशब्द मात्र नियम पाळतात.

ओळीच्या_शेवटी: लिहिताना काय कराल? साध्या शब्दात स्वरांमधलं एकटं व्यंजन पुढच्या ओळीवर जातं. जोडशब्द मात्र सांध्यावरच तुटतो. 'बिल' म्हणजे गाडी, 'उलिक्के' म्हणजे अपघात. 'बिल-उलिक्के' बरोबर, 'बि-लुलिक्के' चूक.

रोखठोक: घ्या! सांधा कुठे, हे 'उलिक्के' माहीत असल्याशिवाय कळेल का?

कानसेन: दुय्यम जोर कुठे पडतो ते ऐका, बऱ्याचदा कळतं.

ओळीच्या_शेवटी: बऱ्याचदा, नेहमी नाही. 'बुस' आणि 'स्तोप' मिळून बसथांबा. 'बुस'मध्येच दोन एस, पण जोडल्यावर तीन लिहीत नाहीत, दोनच. ओळीच्या शेवटी तोडला की तिसरा परत येतो. तो एस कानाला कसा ऐकू येणार?

रोखठोक: कानसेन, आता बोला.