अनुभव धागा: तुमचा मोगली कोणता?

लोकहो, परवा मुलीच्या वह्यांना कव्हरं घालता घालता ते गाणं तोंडात आलं. जंगलात पसरलेल्या बातमीचं, चड्डी घातलेल्या फुलाचं. लेकीनं मान वर करून विचारलं, "आई, हे सिनेमात कुठे होतं गं?" तिचा मोगली 2016 च्या 'जंगल बुक' सिनेमातला, थ्रीडी चष्म्यातला. माझा 1993 च्या आसपासचा, दूरदर्शनवरच्या रविवार सकाळचा. म्हटलं, धागा काढूया.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: आपण पाहिलेलं 'जंगल बुक'चं कार्टून जपानी होतं. 1989 सालचं, 52 भागांचं. हिंदी शीर्षकगीत गुलजारांचं, चाल विशाल भारद्वाजची आणि शेरखान वाघाचा आवाज नाना पाटेकरांचा. 2016 चा सिनेमा मात्र जॉन फॅव्रोचा, डिस्नेचा. तो बेतला होता डिस्नेच्याच 1967 च्या ॲनिमेशनपटावर. म्हणजे आपल्या कार्टूनशी त्याचं कागदोपत्री काहीच नातं नव्हतं, आणि तरी आपण सगळे आपलंच कार्टून बघायला म्हणून गेलो! हिंदीवाल्यांनी हे बरोब्बर ओळखलं होतं. शेरखानला पुन्हा नानाच आणि जाहिरातीला ते गाणंही नव्यानं करून घेतलेलं. भारतात तो लागला 8 एप्रिलला, अमेरिकेच्या आठवडाभर आधी. एवढा मान आपल्याला एरवी कोण देतो?

माझा अनुभव छोटा आहे. दुष्काळात सगळे प्राणी एका पाणवठ्यावर येतात आणि तिथं शेरखान पहिल्यांदा तोंड उघडतो. त्याबरोबर थिएटरातली सगळी पस्तिशी-चाळिशीची माणसं खुदकन हसली. आनंदानं. लेक तेव्हा सहा वर्षांची. तिनं माझा हात घट्ट धरला आणि म्हणाली, "बाबा का हसतायत? तो वाघ मारणारे ना त्याला?"

आता तुम्ही लिहा. कुणाबरोबर पाहिलात, काय शोधायला गेला होतात, काय सापडलं.

* * *

आमच्या गावात, सांगलीपासून आत, तीन टीव्ही होते. त्यातला आम्हाला बसू देणारा एकच, तोही ब्लॅक अँड व्हाइट. त्यामुळं बघीरा बिबट्या काळा आहे हे मला कळायला अडचण नव्हती, पण शेरखान पिवळा आहे हे शाळेतल्या तक्त्यावरून कळलं. पीटीच्या सरांना आम्ही शेरखान म्हणायचो. त्यांना ते माहीत होतं आणि आवडायचंही, असा मला आता संशय येतो.

कार्टूनातल्या मोगलीकडं बूमरँग होतं, आठवतंय का? आम्ही शेवग्याच्या फांदीचं केलं. शेवगा ठिसूळ, पहिल्याच फेकीत दोन तुकडे. मग सुताराकडनं फळीचा तुकडा आणून तासला. ते गेलं, पण परत आलं नाही. शेजारच्या आण्णांच्या कौलात जाऊन बसलं. पावसाळ्यात ते कौल गळायला लागलं तेव्हा आण्णा आमच्या दारात, हातात आमचंच बूमरँग. आलं की नाही परत!

पोराला सिनेमा दाखवला सांगलीत. पूर्ण वेळ मी बूमरँगची वाट बघत होतो. नाहीच. या मोगलीचं सगळं दोऱ्या, कप्प्या, जुगाड करण्यावर. पोरगा घरी येऊन आईच्या साडीची दोरी करून माळ्यावरनं डबा उतरवायला लागला. चला, आमच्यापेक्षा बरं, कौल तरी वाचलं.

* * *

पुण्यातून. सेन्सॉर बोर्डानं या सिनेमाला यू/ए, म्हणजे लहान मुलांनी पालकांसोबत बघावं असं प्रमाणपत्र, दिलं तेव्हा मीही सगळ्यांबरोबर हसले होते. "मोगलीला यू/ए?" वगैरे. आमचं पोर चार वर्षांचं. वाघानं पडद्यातून पहिली झेप घेतली आणि ते जे सुरू झालं ते थांबेना. बाहेर आलो. पुढचा तासभर आम्ही जिन्याशेजारच्या बाकावर पॉपकॉर्न खात, येणाऱ्या-जाणाऱ्यांचे बूट मोजत बसलो. बावीस पांढरे, बाकी काळे. नवरा आत. त्याला म्हटलं होतं अर्ध्या वेळानं बदली करू, पण हा मनुष्य मध्यंतरातही बाहेर आला नाही! शेवटी डोळे पुसत आला. "काय झालं रे?" तर म्हणे, अकेला गेला. लांडग्यांचा म्हातारा म्होरक्या. शेरखान त्याला कड्यावरून फेकतो म्हणे. मी अजून तो सिनेमा पूर्ण पाहिलेला नाही, आणि बोर्डाला हसतही नाही.

* * *

खरं सांगू का, मला राग आला होता. 'का'चा. आपल्या कार्टूनात तो म्हातारा अजगर मोगलीचा दोस्त होता, शहाणा, अडल्यानडल्याला धावून येणारा. मूळ पुस्तकातही माकडांच्या तावडीतून मोगलीला सोडवायला तोच जातो. डिस्नेनं 1967 मध्येच त्याला खलनायक करून टाकलं आणि नव्या सिनेमात तर ती बाई झाली, मोगलीला गोड बोलून विळख्यात घेणारी. हिंदीत आवाज प्रियांका चोप्राचा, चांगलाच लागलाय, तक्रार आवाजाबद्दल नाही. पण ज्याच्याबरोबर लहानपण काढलं तो काका अचानक चोर निघाला, तसं वाटलं. मुलं म्हणतात, "बाबा, साप आहे तो, खाणारच." असेल.

बाकी भालूचं एक मानलं. हिंदीत आवाज देणाऱ्या इरफान खाननं त्याला पंजाबी वळण दिलं, लबाड, खादाड, मधासाठी पोराला कड्यावर चढवणारा. कार्टूनातला भालू मास्तर होता. हा मामा आहे. दोन्ही चालतात.

* * *

नागपूरवरून लिहून राहिलो. बाप्पा, तुमचं ते जंगल म्हणजे आमचं पेंच. जबलपूर रोडनं निघालं की दोन-अडीच तासात खवासा, तिथून तुरिया गेट. पुस्तकातले डोंगर सिवनीचे, नदी वैनगंगा. आणि मजा पाहा, लिहिणारा किपलिंग सिवनीला कधी आलाच नाही, पुस्तक लिहिलं अमेरिकेत, व्हर्माँटात बसून. कार्टून काढलं जपानात. सिनेमा केला लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत. तीनदा जंगल झालं आमचं, तिन्ही वेळा परदेशात!

सिनेमा एप्रिलात लागला. त्याच सुटीत पोट्ट्यांना घेऊन गेलो पेंचला. ते जिप्सीत बसून इकडं तिकडं पाहून राहिले. मोठी म्हणते, "पप्पा, जंगल कुठंय?" आता एप्रिलात सागाला पान नसते ना. खाली सुका पाचोळा, वर उघडे खोड, मोहाचा वास अन् ऊन असं की जीव जाते. सिनेमात पाहा, हिरवंगार, वेली लोंबून राहिल्या, धबधबे. त्यात दुष्काळ दाखवला तोही आमच्या श्रावणाहून हिरवा. वाघ काही दिसला नाही. वानरं भरपूर. गाइडनं एका वानराला "बंदरलोग" म्हटलं, तेवढ्यावर पोट्टे खूश.

* * *

मी मुंबईच्या जे.जे. स्कूल ऑफ आर्टची. किपलिंगचा जन्म आमच्याच आवारातला, 1865 सालचा. वडील तिथं शिकवायचे. डीनच्या बंगल्यापाशी त्याचा अर्धपुतळा आहे. पाच वर्षं मी त्या पुतळ्यासमोर डबा खाल्ला, एकदाही मोगली आठवला नाही.

सिनेमा बघताना मात्र नोकरीची खोड सुटेना. मी ॲनिमेशनमध्ये आहे. पडद्यावर महत्त्वाचं असं खरं माणूस एकच, न्यूयॉर्कचा नील सेठी. बाकी प्राणी, झाडं, चिखल, सगळं संगणकातून आलेलं. त्या पोरासमोर स्टुडिओत बाहुल्या धरायचे, त्याची नजर नीट जावी म्हणून. त्या कामाला ऑस्कर मिळालं ते योग्यच. केसागणिक ओलावा दिसतो बघीराच्या अंगावर.

आणि तरीही कार्टूनातला लांडगा डोळ्यांपुढून जात नाही. तिथं तर काटकसर होती. चित्र स्थिर, फक्त तोंड हलतंय, मागचं तेच झाड तिसऱ्यांदा सरकतंय. आठवड्याला एक भाग द्यायचा तर दुसरं करणार काय. पण ती उरलेली हालचाल आम्ही मुलं करत होतो ना, टीव्हीसमोर, चार पायांवर.

* * *

पणजी. आमच्या घरात भांडण भाषेवरून. मुलगा इंग्रजी माध्यमाचा, त्याला इंग्रजी हवा. बायकोला हिंदीच. ती म्हणाली, "वाघ नानाच्या आवाजात बोलणार नसेल तर मी घरी शितकढी करते, तुम्ही जा." शेवटी तिघं हिंदीला. मुलगा बाहेर येऊन म्हणाला, "हा वाघ आजोबांसारखा ओरडतो." सासरे मुरुडचे, नानाच्याच गावचे.

* * *

न्यू जर्सी. इथं हिंदीची सोय नव्हती, आमच्या गावात तरी. इद्रिस एल्बाचा शेरखान भारदस्त, बेन किंग्जलीचा बघीरा अगदी हेडमास्तर. गाणी जुन्या डिस्नेपटातली. शेजारची मंडळी ओळखून डोलत होती, ते त्यांचं लहानपण. आम्ही दोघं गप्प. श्रेयनामावली संपेपर्यंत बसून राहिलो, मुलं जाकिटं घालून उभी. गाडीत फोनवरून आपलं गाणं लावलं, तीनदा. मुलांनी कान झाकले.

* * *

माझा जन्म 2001 चा, त्यामुळे मी उलट्या बाजूनं आलोय. आधी सिनेमा, मग 2020 च्या लॉकडाऊनमध्ये दूरदर्शननं कार्टून परत दाखवलं ते. बाबा ताट घेऊन टीव्हीसमोर, कधी नव्हे ते वेळेवर. माफ करा, पण फारच संथ आहे हो! एक उडी मारायला मोगली किती वेळ घेतो. मी तसं म्हटलं तर बाबांनी "श्शू" केलं. त्याच महिन्यात इरफान गेला. बाबांनी त्या रात्री सिनेमा लावला, हिंदीतला. बघीराचा आवाज ओम पुरींचा, तेही 2017 मध्येच गेलेले. बाबा काहीच बोलले नाहीत. मीही संथपणाबद्दल परत बोललो नाही.

* * *

माझ्या दादाला जन्मापासून दिसत नाही. रविवारी तो आमच्यात बसायचा, भिंतीला टेकून, आणि आम्ही बोललो की चिडायचा, कारण आम्ही बघत असायचो आणि तो ऐकत असायचा. कोण आलं हे आमच्याआधी त्याला कळायचं.

सिनेमाला त्याला घेऊन गेलो. दारावरच्या मुलानं सवयीनं त्याच्याही हातात थ्रीडी चष्मा दिला. मी काही बोलणार तेवढ्यात दादानं तो घातला, स्वतःच्या काळ्या चष्म्यावरून, आणि म्हणाला, "पैसे घेतलेत ना?" आत मी कानाशी लागून सांगायला सुरुवात केली, आता ते झाडावरून पळतायत, आता पाणी... त्यानं माझ्या गुडघ्यावर थाप मारली, गप्प.

शेरखान बोलला. दादा पुढं वाकला. मग बराच वेळ तसाच. बाहेर आल्यावर रिक्षात म्हणाला, "म्हातारा झालाय रे तो." मी विचारलं, कोण? "शेरखान. आधी ओरडायचा. आता हळू बोलतो, म्हणून जास्त भीती वाटते."

मी त्याला हत्तींबद्दल सांगत होतो, ते किती मोठे होते, मोगली त्यांच्यापुढं कसा वाकतो. त्यानं ऐकून घेतलं. पण हत्ती सबंध सिनेमात एक शब्द बोलले नाहीत, त्यामुळे त्याच्या हिशेबात ते नव्हतेच.