बेटावर राहायला गेलं की सरकार ७१ लाख देतं?

प्रेषक: नाशिककर, लिमरिक

नमस्कार आयर्लंडमधल्या मंडळींनो,

कालपासून नाशिकहून तिघांनी मला एकच बातमी पाठवली आहे. "आयर्लंडच्या बेटावर राहायला जा, सरकार ७१ लाख रुपये देतं." धाकटा मेव्हणा तर नोकरीचा राजीनामा लिहायला बसलाय. हा निरोप २०२३ पासून फिरतोय, पण त्यात खरं किती आणि मीठमसाला किती, ते मला नीट सांगता येत नाही. गॉलवेच्या ताई, तुम्ही कामानिमित्त बेटांवर जाता. जरा लिहाल का?

*

प्रेषक: रत्नागिरीकर, गॉलवे

दादा,

आधी मेव्हण्याला फोन करा आणि तो कागद फाडायला सांगा. मग हे वाचा.

आकडा साधारण खरा आहे. जून २०२३ मध्ये ग्रामीण विकासमंत्री हेदर हम्फ्रीज यांनी बेटांसाठी दहा वर्षांचं धोरण जाहीर केलं. असं धोरण २७ वर्षांनी आलं होतं. मुख्य भूमीवर रिकामं घर दुरुस्त करायला ५० हजार युरोपर्यंत अनुदान मिळतं आणि घर पडीक, मोडकळीला आलेलं असेल तर ७० हजारांपर्यंत. बेटांवर त्यात २० टक्के वाढ केली, म्हणजे ६० हजार आणि ८४ हजार. आपल्या वर्तमानपत्रांनी त्याचे रुपये केले आणि "राहायला जा, पैसे घ्या" असा मथळा दिला.

पण हे पैसे माणसाला मिळत नाहीत, घराच्या दुरुस्तीला मिळतात. घर २००७ किंवा त्याआधी बांधलेलं हवं आणि निदान दोन वर्षं रिकामं असायला हवं. घर घेण्याचा खर्च आपला. पाच वर्षांच्या आत विकलं तर सगळं अनुदान परत करायचं, दहा वर्षांच्या आत विकलं तर पाऊण भाग. आणि या अनुदानाने कोणाला व्हिसा मिळत नाही. मेव्हण्याला हे शेवटचं वाक्य दोनदा वाचून दाखवा.

आता जे मला खरं सांगायचंय ते. ही २० टक्के वाढ का, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. एका नोव्हेंबरात गॉलवेजवळच्या आरन बेटांपैकी इनिश म्यानला एका दगडी घराची पाहणी करायला गेले होते. छप्पर एका बाजूने बसलेलं, भिंतींना ओल इतकी की बोटाने गिलावा निघत होता. मालकाने सिमेंट आणि प्लास्टरबोर्ड मागवले होते. मालवाहू बोट आली, पण लाटांमुळे धक्क्याला लागेना, म्हणून तशीच परतली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी माल उतरला, तेव्हा वरच्या पिशव्या भिजून दगड झाल्या होत्या. गवंडी तीन दिवस बसून राहिला आणि त्याची मजुरी तर द्यावीच लागली. आपल्याकडे भर पावसात खाडीपलीकडे घर बांधायला काढलेला माणूस हे लगेच ओळखेल.

त्या तीन दिवसांत मी तिथल्या सहकारी संस्थेच्या कचेरीत बसून होते. आयरिशमध्ये तिला कोअरखुमन म्हणतात. टेबलामागे एकच बाई. सकाळपासून दुपारपर्यंत तिने एका आजींचा हॉस्पिटलचा फॉर्म भरून दिला, बोट येणार की नाही ते बारा जणांना सांगितलं, एका शेतकऱ्याला रूरल सोशल स्कीमचा कागद समजावला, उन्हाळ्यात आयरिश भाषा शिकायला येणाऱ्या कॉलेजच्या मुलांसाठी घरं कोणाकडे आहेत त्याची यादी केली आणि मध्येच मला चहा दिला. ही रूरल सोशल स्कीम आपल्या रोजगार हमीची आठवण करून देणारी आहे. मदतीवर असलेला छोटा शेतकरी किंवा मच्छीमार आठवड्याला साडेएकोणीस तास गावाचं काम करतो आणि त्याचा मोबदला घेतो.

आयरिश बोलणाऱ्या बेटांवर अशा संस्थांना ऊदारास न गेलटाख्ता ही सरकारी संस्था पैसे देते, बाकीच्या बेटांवर ग्रामीण विकास खातं थेट किंवा दुसऱ्या योजनांतून देतं. बोटी आणि आरन बेटांचं छोटं विमान सरकार कंत्राट देऊन चालवतं. माझ्या मते बेट जगतं ते या पैशावर. ८४ हजारांची बातमी होते, त्या बाईच्या पगाराची होत नाही. ती नसेल तर ८४ हजारांचा अर्जसुद्धा कोणी धड भरू शकणार नाही.

आणि अर्ज म्हणजे काय ते ऐका. एका कामासाठी एका कचेरीने आमच्याकडे तीन ठेकेदारांची दरपत्रकं मागितली. बेटावर यायला तयार असलेला ठेकेदार एकच होता. बाकी दोन दरपत्रकं मिळवण्यात पाच आठवडे गेले, तोवर हवामान फिरलं आणि काम पुढच्या उन्हाळ्यावर गेलं. त्या हिवाळ्यात छप्पर आणखी बसलं.

*

प्रेषक: सातारकर, कॉर्क

ताई,

छान लिहिलंत. पण मनात आलेलं विचारतो, राग मानू नका. या सगळ्या बेटांवर मिळून तीनएक हजार माणसं. त्यांच्यासाठी बोट, विमान, जास्तीचं अनुदान. इकडे शहरात आपली पोरं दोन खोल्यांसाठी अर्धा पगार भाड्यात घालतात. तोच पैसा इथे घरं बांधायला लावला तर जास्त लोकांचं भलं होणार नाही का?

*

प्रेषक: रत्नागिरीकर, गॉलवे

काका,

राग कसला, प्रश्न रास्त आहे. मुलगा डब्लिनला राहतो, भाडं मलाही माहीत आहे.

पण बेट रिकामं होताना काय होतं, तेही या देशाने पाहिलंय. केरीच्या ग्रेट ब्लास्केट बेटावर डॉक्टर नव्हता, धक्का धड नव्हता. १९४६-४७ च्या हिवाळ्यात तिथला एक तरुण मेंदूच्या तापाने गेला, कारण वादळात बोट निघू शकली नाही. एप्रिल १९४७ मध्ये गावकऱ्यांनी पंतप्रधान डी व्हॅलेरांना तार केली, की वादळाने अडकलोय, खायला काही उरलं नाही, अन्न पाठवा. शेवटी १७ नोव्हेंबर १९५३ ला सरकारनेच बेट रिकामं करायला घेतलं. तेव्हा तिथे जेमतेम २२ माणसं होती. १९६० मध्ये इनिशार्क बेटाचं तेच झालं. तरुण आधीच निघून गेले होते आणि मागे उरलेल्यांना बोट ओढायला हात पुरत नव्हते. बाकी बेटांचंही असंच होऊ द्यायचं का, हा माझा प्रश्न.

उलट डोनेगलचं आरनमोर बेट बघा. २०१९ मध्ये तिथल्या लोकांनी चांगलं इंटरनेट आणवलं, लॅपटॉप घेऊन बसायला जागा केली आणि अमेरिका, ऑस्ट्रेलियातल्या लोकांना जाहीर पत्रं लिहिली, की या, इथे राहून काम करता येतं. गावात हे काम अंगावर घेणारी माणसं होती, म्हणून ते झालं.

*

प्रेषक: उरणकर, डब्लिन

काका, ताई,

मला राहवलं नाही म्हणून लिहितो. माझं आजोळ घारापुरी, मोराबंदर. लोक लेणी बघायला येतात आणि संध्याकाळच्या बोटीने परत जातात. मी लहान असताना रात्री काही तास जनरेटर चालायचा, मग कंदील. समुद्राखालून साडेसात किलोमीटर केबल टाकून वीज आली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. तीन पाड्यांत मिळून हजार-बाराशे माणसं, मुंबईतून बेट दिसतं, तरी स्वातंत्र्यानंतर ७० वर्षं लागली. माणसं थोडी आहेत, खर्च परवडत नाही, असंच तेव्हाही म्हणायचे. आजीने पहिल्यांदा फ्रीज घेतला तेव्हा त्यात फक्त पाण्याच्या बाटल्या होत्या आणि येणाऱ्या प्रत्येकाला ती थंड पाणी पाजत होती.

*

प्रेषक: सातारकर, कॉर्क

उरणकर, आजींना माझा नमस्कार सांगा. भाड्याचं माझं म्हणणं मी सोडलेलं नाही, पण बेटाच्या पैशातून ते सुटणार नाही हे पटतंय.

*

प्रेषक: नाशिककर, लिमरिक

मेव्हण्याने राजीनामा दिलेला नाही. व्हिसाचं वाक्य वाचल्यावर पाच मिनिटं गप्प होता.

ताई, मेमधली आपली आरनची सहल एका दिवसाची ठरली आहे. सकाळी रॉसाव्हीलहून बोट, संध्याकाळी परत. ती बदलता येईल का?

*

प्रेषक: रत्नागिरीकर, गॉलवे

दादा, बदलाच. आरनमधल्या सगळ्यात मोठ्या इनिश मोरला सगळेच जातात, आपण इनिश म्यानला जाऊ. दोन रात्री राहू, जेवण आणि सामान तिथल्याच दुकानातून घेऊ. २०१६ च्या जनगणनेत तिथे १८३ माणसं होती, तेव्हा वीस जण एकदम नकोत, बारा बस. मी कोअरखुमनला उद्या फोन करून घरं विचारते. नावं शुक्रवारपर्यंत कळवा, आणि बोट चुकली तर एक दिवस जादा रजा टाकायची तयारी असेल तरच कळवा.