मदत हवी आहे: मनगटाच्या फ्रॅक्चरनंतर व्हीआरमधले व्यायाम

आईच्या उजव्या मनगटाला फ्रॅक्चर झालं होतं. रेडियसचं (पुढच्या हातातल्या, अंगठ्याच्या बाजूच्या हाडाचं) खालचं टोक. ऑपरेशन नाही, फक्त प्लास्टर. ते निघालंय, एक्स-रेत हाड जुळलेलं दिसतंय, हलके व्यायाम करायला परवानगी आहे. मूठ छान वळते. अडतंय ते तळहात आकाशाकडे वळवताना आणि मनगट मागे वाकवताना. हे मागे वाकणं साधारण ७० अंशांपर्यंत जायला हवं, तिचं निम्म्यावरच थांबतं.

शेक आणि टेबलाच्या कडेवर हात ठेवून व्यायाम चालूच आहेत, पण कंटाळून अर्ध्यावर उठते.

घरात क्वेस्ट २ (डोळ्यांवर लावायचा व्हीआर, म्हणजे आभासी जग दाखवणारा हेडसेट) पडून आहे. फिजिओंची हरकत नाही, मात्र त्यांनी स्वतः कधी वापरलेला नाही. कंट्रोलर दिला तर बाई मनगट हलवतच नाहीत, खांदा आणि कोपर फिरवून गेम जिंकतात! कोपर बरगडीला टेकवून बसवलं तरी खेळाच्या नादात सुटतंच. हँड ट्रॅकिंगला (कंट्रोलरऐवजी हेडसेटचे कॅमेरेच हात टिपतात) हातात वजन नसतं, पण तळहात वळला की बोटं कॅमेऱ्याआड जातात आणि खेळात दिसणारा हात गायब होतो.

उभ्याने खेळणं नको, पुन्हा पडायची भीती. सरकत्या दृश्यांनी तिला गरगरतं. नवीन उपकरणही घ्यायचं नाही.

बसल्या जागी फक्त मनगट आणि पुढचा हात वळवून खेळता येईल असं ॲप कुणी खरंच वापरलंय का? आणि कोपर जागेवर राहावं म्हणून काय केलंत?