पीटर ग्रीनचा सूर: बोटांचा की उलट्या चुंबकाचा?

तंतुवेडा:
फ्लीटवुड मॅक हा बँड म्हटलं की सगळ्यांना १९७७ चा 'रूमर्स' अल्बमच आठवतो. माझ्या मते खरा वारसा १९६७ ते ७० चा, तेव्हाचा गिटारवादक पीटर ग्रीनचा. त्यातलाही निम्मा त्याच्या १९५९ च्या लेस पॉल गिटारमधला. गळ्याकडच्या पिकअपचा (तारांची कंपनं विजेत बदलणारा भाग) चुंबक उलटा, त्यामुळे स्विच मधोमध आणला की दोन्ही पिकअप विरुद्ध फेजमध्ये जातात (एकाची लहर वर तेव्हा दुसऱ्याची खाली), खर्ज कापला जातो आणि तो नाकातला, पोकळ आवाज उरतो. तीच गिटार पुढे गिटारवादक गॅरी मूरकडे गेली, आता मेटॅलिकाच्या कर्क हॅमेटकडे आहे.

खटपट्या:
निम्मा? छे! एकच पिकअप चालू असेल तर चुंबक उलटा की सुलटा, कानाला काही कळत नाही. मधोमधही दोन्ही व्हॉल्यूम १० वर असले तर आवाज किरटा होतो. एक ७-८ वर आणला की जरा अंग धरतो. म्हणजे करामत हातांचीच.

चुंबक उलटवून बघणाऱ्यांसाठी: अख्खा पिकअप फिरवून बसवल्याने फेज बदलत नाही, ती दंतकथा. पिकअपच्या झाकणाचा डाख सोडवा, तळाचे चार स्क्रू ढिले करा (पूर्ण काढू नका, बॉबिन, म्हणजे तारेचं रीळ, हललं की केसासारखी तार तुटते). चुंबकाची पट्टी ओढून काढा, टोकांची अदलाबदल करून परत सरकवा. उत्तर-दक्षिण ध्रुव लांब कडांवर असतात. टोकं बदलताना पट्टी पालथीही झाली तर मेहनत वाया, जैसे थे. वायरी उलट्या जोडायचा शॉर्टकट जुन्या पिकअपला नको. वायरीभोवतीची धातूची जाळी झाकणाला जोडलेली असते, मग हात लागला की गुणगुण.

रेवा:
दोघेही गिटारच्या पोटात शिरलात! बँडचा दुसरा गिटारवादक जेरेमी स्पेन्सर अमेरिकन ब्लूज गिटारवादक एल्मोर जेम्सची स्लाइड (तारांवर नळी घसरवायची शैली) जवळपास जशीच्या तशी वाजवायचा. ही नक्कल, वारसा कसला? बँड मोठा झाला तो ब्लूजचा साचा मोडल्यावर. 'अल्बाट्रॉस' (१९६८) मध्ये गायन नाही, ड्रमर मिक फ्लीटवुडच्या हातात टिंपनीच्या (मोठ्या नगाऱ्याच्या) मऊ टोकाच्या काठ्या. आणि 'ब्लॅक मॅजिक वुमन' हे गाणं ग्रीनचं, हे सान्ताना बँडच्या १९७० च्या आवृत्तीनंतर कितीजणांना ठाऊक आहे?

तंतुवेडा:
नक्कल म्हणून मोडीत काढू नका. जानेवारी १९६९ मध्ये शिकागोत चेस या ब्लूज रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत ओटिस स्पॅन, विली डिक्सन, बिग वॉल्टर हॉर्टन या ब्लूज दिग्गजांसोबत हीच मंडळी वाजवत होती. निव्वळ नकलाकारांना स्पॅन पियानोची साथ कशाला करेल?

खटपट्या:
रेवा, तुमचाच मुद्दा पुढे नेतो: 'अल्बाट्रॉस'मध्ये स्पेन्सर नाहीच. दुसरी गिटार डॅनी किर्वनची, वय वर्षं १८. चुंबकावर वाद घालणारे त्याचं नावही घेत नाहीत.