डिप्लोमा झाला, फिल्म झाली, २२ मेल गेले, उत्तर नाही. शोरीलमध्ये काय चुकतंय?

इचलकरंजीचा_फ्रेमवाला

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या. मी मूळचा इचलकरंजीचा, पुण्यात तीन वर्षं थ्रीडी अ‍ॅनिमेशन केलं, मे मध्ये संपलं. शेवटच्या वर्षाला आम्ही चौघांनी मिळून चार मिनिटांची फिल्म केली, सात महिने गेले त्यात, कॉलेजच्या शोला टाळ्याबिळ्या पडल्या, मला वाटलं आता काय, झालंच काम. मग आधी माझं मॉडेलिंग (थ्रीडीत वस्तू घडवणं), टेक्स्चरिंग (त्यांना रंग-पोत देणं), थोडं लायटिंग आणि मागे ती पूर्ण फिल्म अशी साडेपाच मिनिटांची शोरील (आपलं काम दाखवणारा व्हिडिओ) केली आणि मुंबई, पुणे, हैदराबाद, बंगलोर धरून २२ ठिकाणी कॅरेक्टर अ‍ॅनिमेटर म्हणून मेल टाकले. दोन ऑटो रिप्लाय, बाकी सामसूम. एका ठिकाणाहून फोन आला पण तो रोटोसाठी (शूट केलेल्या माणसांभोवती आउटलाइन काढायचं काम), त्यात दोन वर्षांचा बॉन्ड आणि ओरिजिनल मार्कशीट जमा करायच्या म्हणे. घरी यंत्रमाग आहेत, पप्पा काही बोलत नाहीत पण काका रोज जेवताना विचारतात, "त्या कार्टूनचं काय झालं रे?"

लिंक खाली देतोय. बिनधास्त बोला. आणि रोटो घेऊ का? आणि सॉफ्टवेअरमध्ये माया पक्कं करू की ब्लेंडर?

ग्राफएडिटर_ताई

बघितली. पूर्ण बघितली, पण ती तुझ्यावरच्या मायेने, स्टुडिओत कोणी एवढी बघणार नाही. मी नऊ वर्षं कॅरेक्टर अ‍ॅनिमेशन करतेय, गोरेगावला असते, गेली तीन वर्षं फ्रेशर्सच्या रील माझ्याकडे येतात. दुपारी डबा खाताना एका हाताने बघते, आवाज बंद करून. पहिल्या ४० सेकंदांत मला काय दिसलं तर एक खुर्ची, एक बंदूक आणि गोल गोल फिरणारी जीप. अरे तू अर्ज कसला केलायस? अ‍ॅनिमेटरचा ना, मग हलणारं काहीतरी दाखव की आधी. मॉडेलिंग चांगलं आहे तुझं, पण ते बघून माणूस गोंधळतो की याला नक्की व्हायचंय काय.

दुसरं, चार मिनिटं म्हणजे सेकंदाला २४ च्या हिशेबाने ५,७६० फ्रेम. त्यातले तुझे किती? कुठेच लिहिलेलं नाही. चौघांनीही हीच फिल्म आपापल्या रीलमध्ये लावली असणार, आणि त्यातल्या दोघांनी एकाच स्टुडिओला पाठवली असेल तर संपलंच. शॉटच्या खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात टाक, फक्त अ‍ॅनिमेशन माझं, रिग (कॅरेक्टर हलवायचा आतला सांगाडा) अमक्याचा. फुकट मिळणारा रिग वापरला असेल तर तेही लिही, त्यात कमीपणा नाही, आम्ही सगळ्यांनी तेच केलंय.

आता खरं दुखणं. ३:१० ला आजोबा पाण्याने भरलेला हंडा उचलतात. हंडा वर येतो पण आजोबांना त्याचा पत्ताच नाही, कंबर जागच्या जागी, नुसते हात वर, हंडा जणू थर्माकोलचा. तुमच्याकडे सिलिंडर येतो ना? १४.२ किलो गॅस आणि टाकी धरून जवळपास ३० किलो. तो देणारा माणूस नीट बघ एकदा. आधी पाय फाकवतो, गुडघ्यात बसतो, टाकी अंगाला चिकटवून घेतो आणि मग कंबर उठते, खांदे मागून येतात, डोकं सगळ्यात शेवटी. आणि शक्य असेल तिथे तो उचलतच नाही, तिरका करून खालच्या कडेवर गडगडत नेतो. हे तू आधी कंबरेच्या की (मुख्य पोझच्या फ्रेम) लावून, स्टेप्डमध्ये (मधली हालचाल न भरता), पोझ पोझ करून बसव, हात नंतर. तुझं उलटं झालंय, हातापासून सुरुवात केलीस आणि ब्लॉकिंग (या मुख्य पोझ बसवणं) अर्धवट असताना स्प्लाइन केलंस (मधली हालचाल सॉफ्टवेअरला भरू दिलीस), म्हणून सगळे पाण्यात असल्यासारखे तरंगतायत.

तोच शॉट परत कर. नवीन काही करू नकोस, वॉक सायकल (नुसतं चालणारं कॅरेक्टर) तर अजिबात टाकू नकोस, दिवसाला चार बघते मी. एक वजनाचा, एक अभिनयाचा, आणि तो १:५० चा बकरी दचकते तो शॉट, तो झकास आहे, तो पहिला लाव. सगळं मिळून एक मिनिटाच्या आत.

रोटोतून_सुटलेला

भावा मार्कशीट देऊ नकोस. परत सांगतो, देऊ नकोस. झेरॉक्स दे, ओरिजिनल दाखव आणि पिशवीत परत घाल.

मी हेच केलेलं २०१७ ला. नाव घेत नाही पण मार्कशीट त्यांच्या कपाटात होती आणि मी रात्रपाळीला. १४ महिने हिरोइनचे केस कापले, म्हणजे फ्रेमगणिक आउटलाइन, एक शॉट २०० फ्रेमचा, वाऱ्यावर उडणारे केस, आणि वाऱ्याला माझी काय दया येणार. रोटो वाईट नाही हं, काही लोकांना मनापासून आवडतं, माझा मित्र तिथूनच कंपोझिटिंगला (वेगवेगळे थर जोडून शॉट पुरा करणं) गेला आणि आता मस्त चाललंय. पण मला अ‍ॅनिमेटर व्हायचं होतं आणि १४ महिन्यांनी माझी रील तीच होती जी कॉलेजमधून निघताना होती, वर जे काम केलं ते पिक्चर रिलीज होईपर्यंत कोणाला दाखवायचं नाही अशी सही केलेली. घरी येऊन करू म्हणायचो पण १२ तास माउस धरल्यावर मनगटात जीव उरत नाही.

पैशाची फारच गरज असेल तर घे, पण बॉन्ड नसलेलं घे. आणि टेस्ट दिली तर बघ की टेस्टच आहे ना. पाच-सहा सेकंदांचा त्यांचा ठरलेला शॉट असेल तर ठीक, पण अर्धा मिनिट आणि वर क्लायंटचं कॅरेक्टर आलं तर समज की त्यांचं काम तू फुकट करतोयस.

जुना_कागदवाला

तुम्ही लोक रिग आणि स्प्लाइन म्हणता, आम्ही लाइटबॉक्सवर (खालून उजेड येणारं टेबल) पेग बारला (खुंट्यांची पट्टी) कागद अडकवून करायचो. आपल्याकडे हे शिकवायला कॉलेजंच नव्हती. १९५६ मध्ये सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून युनिटमध्ये डिस्नेचे क्लेअर वीक्स आले आणि नोकरीवर घेतलेल्या पोरांना तिथेच शिकवलं, पुढे नावाजलेले अ‍ॅनिमेटर राम मोहन त्यातलेच. म्हणजे आधी नोकरी, मग शिक्षण. आता तुम्हाला तीन वर्षांची फी भरून वर तयार होऊन या म्हणतात.

थेट_मुद्दा

काका, तो माया की ब्लेंडर विचारतोय 🙂

जुना_कागदवाला

येतोच आहे रे तिकडे. लाटव्हियाची फ्लो ही फिल्म ब्लेंडरमध्ये झाली आणि २०२५ ला ऑस्कर घेऊन गेली, तेव्हा सॉफ्टवेअर लहान-मोठं नसतं. पण इथे थ्रीडी अ‍ॅनिमेटरच्या जाहिराती बघ, बहुतेक ठिकाणी माया लिहिलेलं सापडेल. विद्यार्थी असतो तोवर माया फुकट मिळतं, मात्र त्यावर पैसे घेऊन काम करायचं नाही. माया येतंय ना, मग आता त्यातच ती रील पुरी कर, ब्लेंडर सावकाश शीक.

आणि फिल्म टाकून देऊ नकोस. रीलमध्ये ती अख्खी नको हे बाईंचं पटलं, पण फिल्म ही फिल्म म्हणून फेस्टिव्हलला पाठव. मुंबईचा मिफ (आंतरराष्ट्रीय फिल्म फेस्टिव्हल) दर दोन वर्षांनी असतो, त्यात अ‍ॅनिमेशनला जागा आहे. मुंबईत टासीवाले (अ‍ॅनिमेशनवाल्यांची संस्था) कार्यक्रम करतात, तिथे जाऊन मागच्या रांगेत बस. मेलला उत्तर न देणारा माणूस चहाच्या स्टॉलवर बोलतो, हा माझा अनुभव.

इचलकरंजीचा_फ्रेमवाला

सगळ्यांचे आभार. रोटोवाल्यांना "नाही" म्हणून कळवलं. रील कापली, ५२ सेकंद राहिली, बकरी पहिली, मॉडेलिंग सगळं उडवलं (जीपसाठी जरा वाईट वाटलं, दीड महिना गेला होता तिच्यात).

काल सिलिंडर आला. त्या मामांना विचारून शूट केलं तर ते म्हणतात, "रील करतोयस व्हय? मग थांब, केस नीट करतो." त्यांना कुठली रील ते समजावत बसलो नाही. फ्रेम फ्रेम करून बघितलं तर ताई तुम्ही सांगितलं तसंच आहे, पण अजून एक सापडलं, उचलायच्या आधी ते कडी धरून एक बारीक हिसका देतात, किती जड आहे ते हाताला कळावं म्हणून असेल, आणि मग थांबतात, ७ फ्रेम काहीच होत नाही. माझ्या आजोबांना मी एवढा वेळ दिलाच नव्हता.

ब्लॉकिंग रविवारी टाकतो. फक्त एक कळेना, टाकी खांद्यावर गेल्यावर दुसरा खांदा खाली जायला पाहिजे की वर?

ग्राफएडिटर_ताई

व्हिडिओ आहे ना तुझ्याकडे? मग मला काय विचारतोस, मामांना बघ.