मदत हवी आहे: पावसाळ्यात कुत्रीचे कान सतत खाजतात, कानातले किडे पुन्हा होऊ नयेत म्हणून काय करावे?

नमस्कार. आमच्याकडे ठकी नावाची चार वर्षांची कुत्री आहे. तिची आई लॅब्रेडॉर आणि बाप गावठी. कान मात्र तिने पूर्णपणे आईचे घेतले आहेत, म्हणजे लांब, जाड आणि सतत गालांवर लोळणारे. आम्ही चिपळूणजवळच्या एका गावात राहतो. मृग लागला की तिच्या कानांचे दुखणे सुरू होते आणि नवरात्रापर्यंत या ना त्या रूपात चालू राहते. हे सलग तिसरे वर्ष असल्याने जरा सविस्तर लिहीत आहे.

सुरुवातीला ती नुसते डोके झटकते. रात्री कानांची ती फडफड पडवीतून माजघरापर्यंत ऐकू येते. मग मागच्या पायाने कान खाजवू लागते आणि खाजवता खाजवता मध्येच कण्हते. उजव्या कानामागचे केस आता गेले आहेत. पाळी उलटून पाहिली तर आतली कातडी लालभडक दिसते. गेल्या वर्षी कानातला मळ तपकिरी आणि मेणचट होता व त्याला आंबलेल्या पिठासारखा वास येत होता. या वर्षी तो काळपट, कोरडा आणि भुरभुरीत आहे, गाळणीत वाळून गेलेल्या चहाच्या चोथ्यासारखा, आणि वास जवळजवळ नाहीच.

आमच्या हातून झालेल्या चुकाही सांगतो. गेल्या वर्षी एका वडीलधाऱ्यांच्या सांगण्यावरून खोबरेल तेलात कापूर विरघळवून कानात घातला. तिसऱ्या दिवशी कान सुजला आणि ठकी हात लावू देईना. त्यानंतर औषधाच्या दुकानात गेलो, तर दुकानदाराने कुत्री न पाहताच "किडे झाले असणार" असे सांगून थेंब दिले. चार दिवस घातल्यावर तिला बरे वाटले म्हणून बंद केले. पंधरा दिवसांत सगळे पुन्हा सुरू झाले. त्याच बाटलीतले उरलेले थेंब या वर्षी सहा दिवस घालतो आहे, पण काडीचा फरक नाही.

आणखी एक गोष्ट कालच लक्षात आली. घरात मनी नावाची मांजर आणि तिची तीन पिल्ले आहेत, आणि ही सगळी मंडळी ठकीसोबत एकाच गोणपाटावर झोपतात. मनीदेखील कान खाजवते आहे.

हे किडेच आहेत का, की गेल्या वर्षीचेच दुखणे वेगळ्या रूपात आले आहे, हे घरी ओळखता येते का? थेंब किती दिवस घालावेत? मांजरांनाही तेच औषध चालेल का? आणि मुख्य म्हणजे, पुढच्या पावसाळ्यात ही वेळ येऊ नये म्हणून कान कसे आणि किती वेळा साफ करावेत?

प्रतिसाद १

मी पशुवैद्यक आहे. आपण मळाचे वर्णन इतके नेमके केले आहे की निम्मे काम झाले, तरी कान आतून पाहिल्याशिवाय पुढचा एकही थेंब घालू नका, ही पहिली विनंती. कुत्र्याची कानाची नळी सरळ नसते; ती आधी खाली उतरते आणि मग आडवी वळून पडद्यापर्यंत जाते. पडदा शाबूत आहे की फाटला आहे, हे बाहेरून कळत नाही, आणि तो फाटला असेल तर जेंटामायसिनसारख्या औषधाने ऐकू येणे कायमचे जाऊ शकते. ठकी डोके एका बाजूला कलते धरू लागली किंवा तिचा तोल जाऊ लागला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

गेल्या वर्षीचा मेणचट, वासाचा मळ बहुधा मॅलासेझिया या बुरशीचा असावा. ती कातडीवर एरवीही असते. कान दमट राहिला किंवा ॲलर्जी असली की माजते. तुमचे तेल-कापूर तिला सोयीचेच झाले असेल. या वर्षीचा चोथ्यासारखा मळ मात्र ओटोडेक्टिस या किड्यांकडे बोट दाखवतो. थोडा मळ काळ्या कागदावर घेऊन उन्हात भिंगाखाली पाहा. पांढरे ठिपके हळूहळू सरकताना दिसले तर शंका उरत नाही. काहीच हलले नाही, तर मात्र किडे नाहीत असे समजू नका.

अंड्यापासून पूर्ण वाढ होईपर्यंत या किड्याला सुमारे तीन आठवडे लागतात. चार दिवसांत खाज थांबली तरी अंडी शिल्लक राहिली, आणि पंधरा दिवसांनी तुम्हाला त्यांचीच पुढची पिढी भेटली. शिवाय हा किडा मांजरांत, विशेषतः पिल्लांत, फार आढळतो आणि अंगाला अंग लागून पसरतो. त्यामुळे एकट्या ठकीवर उपचार करण्यात अर्थ नाही. घरातल्या पाचही जनावरांवर एकाच वेळी व्हायला हवेत. सेलामेक्टिनसारखे मानेवर सोडायचे औषध कुत्र्यालाही चालते आणि मांजरालाही, पण मात्रा वजनावर आणि पिल्लांच्या वयावर ठरते. गोचिडांसाठी कुत्र्याला लावायचे परमेथ्रिन मांजराच्या जिवावर बेतते, ते मनीच्या आसपासही नको.

साफ करण्याविषयी: कुत्र्यांसाठीचे कान धुण्याचे द्रावण नळीत भरावे, कानाच्या मुळाशी अर्धा मिनिट चोळावे (पचपच आवाज आला पाहिजे), मग तिला मनसोक्त डोके झटकू द्यावे आणि वर आलेला मळ बोटाला गुंडाळलेल्या कापसाने, बोट सहज जाईल तिथपर्यंतच, पुसावा. काडीचा कापूस नको, त्याने मळ आत ठासला जातो. व्हिनेगर, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइडही नको. कान बरे झाल्यावर पावसाळ्यात आठवड्यातून एकदा पुरे. रोज धुतले तर कान ओलेच राहतात. भिजून आली की मात्र दर वेळी पाळ्या उलटून कोरड्या कराव्यात आणि त्याच वेळी घड्यांत गोचीड नाही ना, तेही पाहावे.

प्रतिसाद २

डोके झटकण्याकडे दुर्लक्ष करू नका, एवढेच सांगायचे आहे. आमच्या कॉकर स्पॅनियलने झटकून झटकून पाळीतली रक्तवाहिनी फोडून घेतली आणि पाळी रक्ताने पुरणपोळीसारखी फुगली. शेवटी शस्त्रक्रिया करावी लागली.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. काळ्या कागदाचा प्रयोग केला. ठिपके खरोखरच सरकत होते, आणि मनीच्या कानातला मळ तर ठकीपेक्षाही अधिक निघाला. आज सगळ्यांना दवाखान्यात नेऊन आणले. पडदे शाबूत आहेत. ठकीच्या डाव्या कानात किड्यांबरोबर बुरशीही सापडल्याने त्यासाठी वेगळे थेंब दिले आहेत. मानेवरचे औषध ठकीला आणि मनीला आजच लावले; पिल्ले साडेसात आठवड्यांची असल्याने त्यांचे औषध तूर्त कानापुरतेच आहे. महिन्याने सगळ्यांना पुन्हा बोलावले आहे. जुनी बाटली टाकून दिली आणि गोणपाट जाळले. सध्या ठकी पडवीतल्या उघड्या लादीवर रुसून बसली आहे.

एक शंका राहिली: नवे अंथरूण गोधडीचे करावे म्हणतो, ते गरम पाण्यात धुऊन पावसाळ्यात वाळवायचे कसे, यावर कोणी काही उपाय केला आहे का?